न्यूट्रॉन एकटे जातात की जोडीने?

दसरा उलटला की आमच्या माजलगाव परिसरातले रस्ते वेगळे दिसू लागतात. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्राकडे, कोणी थेट कर्नाटकात. मुकादम आपली टोळी माणसांत मोजत नाही, ‘कोयत्यां’त मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. उचल ठरते तीही जोडीवर. कोणी एकटाच आला तर तो ‘अर्धा कोयता’. या शब्दामागे किती कष्ट आहेत हे बीड जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको, आणि तो या लेखाचा विषयही नाही. मला येथे त्यातली मोजण्याची रीत तेवढी हवी आहे.

बारावीच्या वर्गात अणुकेंद्र शिकवताना मी हा शब्द वापरला. अणुकेंद्रातले न्यूट्रॉन आणि प्रोटॉन, म्हणजेच न्यूक्लिऑन, हेही जोड्या करून राहतात, एवढेच मला सांगायचे होते. पण एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मुकादमाला माहीत असतं की कोण कोणाबरोबर आहे. न्यूट्रॉन तर सगळे एकसारखे. दोन न्यूट्रॉन इकडून तिकडे गेले एवढंच दिसलं, तर ते जोडीनंच गेले कशावरून? आधी एक गेला असेल, मग योगायोगानं दुसरा.” प्रश्न बिनतोड होता. त्या तासाला मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. भौतिकीत गेली साठ वर्षे याच प्रश्नावर प्रयोग होत आले आहेत, त्यांतले काही आपल्या मुंबईत आणि दिल्लीत झाले आहेत. त्या प्रश्नाचे उत्तर आज सावकाश पाहू.

कल्हईतला पुरावा

जोड्या असतात हे प्रथम पटवून घेऊ. त्यासाठी प्रयोगशाळेत जायला नको. पितळी भांड्याला कल्हई करणारा हल्ली क्वचितच दारावर येतो, पण घरात एखादे जुने कल्हईचे पातेले असेलच. त्यावरचा पांढरा थर कथलाचा. कथलाच्या अणुकेंद्रात प्रोटॉन नेहमी ५०. न्यूट्रॉन मात्र कमीजास्त असतात. अशा निरनिराळ्या प्रकारांना समस्थानिक म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहे. कथलाचे स्थिर समस्थानिक दहा आहेत. इतके स्थिर समस्थानिक दुसऱ्या कोणत्याही मूलद्रव्याचे नाहीत. त्या दहांपैकी सातांत न्यूट्रॉनांची संख्या सम आहे, तिघांत विषम. आणि पातेल्यावरच्या शंभर अणूंपैकी सुमारे ८३ सम गटातले, विषम गटातले जेमतेम १७. निसर्गाला येथे सम संख्या आवडते असे दिसते.

का आवडते? अणुकेंद्रातून एक न्यूट्रॉन ओढून काढायला किती ऊर्जा लागते ते मोजता येते. ही ऊर्जा दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये सांगतात. शास्त्रज्ञ त्याला एमइव्ही म्हणतात, आपणही तसेच म्हणू. कथील-११६ मधून एक न्यूट्रॉन काढायला ९.६ एमइव्ही लागतात. कथील-११७ मधून ६.९. कथील-११८ मधून ९.३, ११९ मधून ६.५, १२० मधून ९.१. आलेख काढलात तर करवतीच्या दात्यांसारखा दिसेल. न्यूट्रॉन सम असतील तर त्यांतला एक काढणे म्हणजे एक जोडी फोडणे. ते महाग पडते. विषम असतील तर एक आधीच एकटा असतो, तो स्वस्तात निघतो.

ऑक्सिजनमध्ये हे आणखी स्वच्छ दिसते. ऑक्सिजन-१६ चे अणुकेंद्र फार घट्ट व स्वयंपूर्ण असते. त्यात एक न्यूट्रॉन घातला की ऑक्सिजन-१७ होतो आणि ४.१ एमइव्ही ऊर्जा सुटते. दुसरा न्यूट्रॉन घातला की ऑक्सिजन-१८ होतो, आणि या वेळी ८.० एमइव्ही सुटतात. दोघांची जागा जवळजवळ सारखीच, तरी दुसऱ्याच्या येण्याने जवळपास दुप्पट लाभ! पहिला एकटा होता. दुसऱ्याला सोबती मिळाला. हा ऑक्सिजन-१८ काही दुर्मिळ नाही. आमच्या माजलगाव धरणातल्या पाण्यातही ऑक्सिजनच्या सुमारे पाचशे अणूंमागे एक अणू त्याचा आहे. आपल्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे, म्हणून त्याला लक्षात ठेवा: घट्ट ऑक्सिजन-१६, आणि वर न्यूट्रॉनची एक तयार जोडी.

दोन न्यूट्रॉन अवकाशात मोकळे सोडले तर ते एकमेकांना चिकटत नाहीत. त्यांच्यातले आकर्षण तेवढे पुरत नाही. अणुकेंद्राच्या आत मात्र एकाच कक्षेत परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन न्यूट्रॉन पुन्हापुन्हा एकमेकांजवळ येतात आणि तेथे ते आकर्षण कामी येते. दोघांची फिरकी एकमेकींना पूर्ण खोडते. त्यामुळे ज्या अणुकेंद्रात न्यूट्रॉनही सम आणि प्रोटॉनही सम, त्याचे तळपातळीतले परिवलन शून्य असते. याला आजवर एकही अपवाद सापडलेला नाही.

१९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी अतिसंवाहकतेचा उलगडा केला. अत्यंत थंड धातूत इलेक्ट्रॉन जोड्या करून वाहतात, म्हणून विद्युत्प्रवाहाला रोध उरत नाही, असे त्यांनी दाखवले. पुढल्याच वर्षी, १९५८ मध्ये, ओगे बोर, बेन मोटेलसन आणि डेव्हिड पाइन्स यांनी सुचवले की अणुकेंद्रातही असेच काहीसे घडत असावे. येथे एक गोष्ट चटकन पटत नाही, पण ती ध्यानात असू द्या. जोडीतले दोघे हातात हात घालून फिरतात असे नाही. धातूतल्या इलेक्ट्रॉन-जोडीचे दोघे एकमेकांपासून हजारो अणूंइतके दूर असू शकतात. अणुकेंद्रातल्या जोडीचा स्वाभाविक पसाराही त्या अणुकेंद्राच्या व्यासापेक्षा मोठा निघतो! म्हणजे ‘जोडी’ हा शब्द जवळिकीचा नसून ताळमेळाचा आहे. शास्त्रीय भाषेत याला सहसंबंध म्हणतात.

न चिकटता देवघेव

हा ताळमेळ तपासायचा कसा? एक उपाय असा : दोन अणुकेंद्रे एकमेकांच्या अगदी जवळ आणायची, पण चिकटू द्यायची नाहीत, आणि त्या क्षणभराच्या भेटीत न्यूट्रॉनांची काय देवघेव होते ते पाहायचे. या घटनेला स्थानांतर विक्रिया म्हणतात. हेलियमपेक्षा जड अणूंचे इलेक्ट्रॉन काढून केलेले आयन यासाठी वापरतात. त्यांना जड आयन म्हणतात.

चिकटू न देण्याचे काम विद्युत्भार करतो. दोन्ही अणुकेंद्रे धनभारित, म्हणून ती एकमेकांना दूर लोटतात. समोरासमोर येणारी अणुकेंद्रे किती जवळ येऊन परत फिरतील हे तुम्हाला साध्या गुणाकार-भागाकाराने काढता येईल. दोघांच्या प्रोटॉनसंख्यांचा गुणाकार करा, त्याला १.४४ ने गुणा, आणि टकरीच्या एमइव्हीमधील ऊर्जेने भागा. उत्तर फर्मीत येते. एक फर्मी म्हणजे मिलिमीटरचे दशलक्ष भाग करून त्यातल्या एका भागाचे पुन्हा दशलक्ष भाग केले, तर त्यातला एक.

आपला ऑक्सिजन-१८ घेऊ. त्याचे प्रोटॉन ८. त्याला शिशाच्या अणुकेंद्रावर सोडू. शिशाचे प्रोटॉन ८२. टकरीची ऊर्जा ७१ एमइव्ही धरली तर ८ × ८२ × १.४४ भागिले ७१, म्हणजे १३.३ फर्मी. ही दोघांच्या केंद्रबिंदूंमधली सर्वांत कमी अंतराची जागा. आता दोघे किती मोठे आहेत ते पाहू. अणुकेंद्राची त्रिज्या सुमारे १.२ फर्मी गुणिले न्यूक्लिऑनांच्या संख्येचे घनमूळ. ऑक्सिजन-१८ ची ३.१, शिसे-२०६ ची ७.१, बेरीज १०.२. म्हणजे दोघांच्या पृष्ठभागांमध्ये सुमारे ३ फर्मीची मोकळी पट्टी राहिली. न्यूट्रॉनला ती ओलांडायची आहे.

न्यूट्रॉनवर भार नाही, म्हणून विद्युत्प्रतिसारणाची त्याला भीती नाही. पण तो आपल्या घरात ८ एमइव्हीने बांधलेला आहे. मधल्या पट्टीत उभे राहण्याइतकी ऊर्जा त्याच्याजवळ नाही. नेहमीच्या हिशेबाने तो पलीकडे जाऊच शकत नाही. पुंजयामिकीच्या हिशेबाने मात्र त्याची तरंगरूप शेपटी पट्टीत थोडी शिरलेली असते, आणि पलीकडच्या घराला ती स्पर्श करत असेल तर तो तेथे सापडण्याची थोडी संभाव्यता असते. याला बोगदा परिणाम म्हणतात. पट्टी एक फर्मीने रुंद झाली की ही संभाव्यता सुमारे साडेतीनपट घटते. दोन न्यूट्रॉन जायचे तर साडेतीन गुणिले साडेतीन, म्हणजे बारापट घट.

आता शिसे-२०६ च का घेतले ते सांगतो. शिशाचा सर्वांत घट्ट समस्थानिक शिसे-२०८. त्यात न्यूट्रॉनांची १२६ ही संख्या पूर्ण भरलेली असते. शिसे-२०६ मध्ये त्याहून नेमके दोन कमी. पलीकडे दोन जागा रिकाम्या आणि अलीकडे एक जोडी तयार. ऊर्जेचा जमाखर्च पाहा. ऑक्सिजन-१८ मधून एकच न्यूट्रॉन निघाला तर ८.० खर्च, शिसे-२०६ मध्ये तो शिरला की ६.७ जमा. एकट्याच्या जाण्यात १.३ एमइव्हीचा तोटा. त्याच्या मागोमाग दुसरा गेला तर त्याचा खर्च ४.१ आणि जमा ७.४. दोघे मिळून १.९ एमइव्हीचा नफा! एकट्याला परवडत नाही, दोघांना परवडते. ऊसतोडीला कोयताच का जातो, याचे गणितही फारसे वेगळे नसावे.

हजेरीपटावरून उत्तर

परवडते म्हणून जोडीने जातात असे मात्र सिद्ध होत नाही. विद्यार्थिनीचा प्रश्न कायम आहे. तो सोडवण्याची युक्ती तुमच्या वर्गाच्या हजेरीपटावर करून पाहता येईल.

समजा महिन्यात शाळेचे २४ दिवस भरले. एक मुलगा ६ दिवस गैरहजर, दुसराही ६ दिवस गैरहजर. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तर कोणत्याही दिवशी पहिला नसण्याची संभाव्यता एक चतुर्थांश, दुसरा नसण्याचीही एक चतुर्थांश, आणि दोघेही नसण्याची एक सोळांश. चोवीस दिवसांत हे दीड दिवस व्हायला हवे. हजेरीपट पाहिलात आणि दोघे एकदम गैरहजर असल्याचे पाच दिवस निघाले, तर? ते एकाच वस्तीवरून एकाच सायकलवर येत असणार, असा तर्क तुम्ही त्यांना न भेटता करू शकता.

शास्त्रज्ञ हेच करतात. हजार टकरींत वीस वेळा एक न्यूट्रॉन गेला, तर त्याची संभाव्यता पन्नासात एक. न्यूट्रॉन एकमेकांना ओळखत नसतील तर दोन जाण्याची संभाव्यता पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे अडीच हजारांत एक; दहा हजार टकरींत चार. प्रत्यक्ष मोजणीत वीस आल्या, तर पाचपट वाढ झाली. या पटीला वर्धन गुणक म्हणतात. (हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. नेमके गणित याहून थोडे किचकट असते, पण गाभा हाच.)

पण सावध राहा. हजेरीपटावर बाजाराचा दिवस असतो. त्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर. मग ते दोघेही एकदम गैरहजर दिसले तर त्यात मैत्री कुठे आली? टकरींतही असे बाजाराचे दिवस असतात. काही टकरींत अणुकेंद्रे जास्त जवळ येतात. तेथे एक न्यूट्रॉनही सहज जातो, दोनही सहज जातात. जवळच्या आणि लांबच्या टकरी एकाच ढिगात मोजल्या तर जोडी नसतानाही गुणक मोठा दिसेल. म्हणून प्रत्येक अंतरासाठी हिशेब वेगळा ठेवावा लागतो. १९८० च्या दशकात जर्मनीतील डार्मस्टाट येथे कथलावर कथील आदळून आणि इतरत्र इतर अणुकेंद्रे घेऊन असे पुष्कळ प्रयोग झाले. गुणक कोठे लहान आले, कोठे फार मोठे. त्यांतला किती भाग खऱ्या जोडीचा आणि किती बाजाराच्या दिवसांचा, यावर बराच खल झाला.

कुलाब्याचे यंत्र

मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, उंच मनोऱ्यासारख्या इमारतीत एक वेगवर्धक उभा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा हा संयुक्त प्रकल्प. पेलेट्रॉन हे त्याचे नाव. १९८८ च्या अखेरीस तो सुरू झाला. त्याच्या मध्यभागी असलेल्या टोकाला १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत विद्युत्दाब देता येतो. विजेची ठिणगी उडू नये म्हणून भोवतालच्या प्रचंड टाकीत सल्फर हेक्साफ्लोराइड वायू दाबाने भरलेला असतो.

इतका दाब निर्माण करण्याची रीत मात्र अगदी घरगुती वाटेल. विहिरीवरच्या रहाटाच्या माळेसारखी एक माळ सतत फिरत असते. पोलादाच्या छोट्या नळकांड्या नायलॉनच्या कड्यांनी जोडून ती केलेली आहे. प्रत्येक नळकांडी थोडा थोडा भार वर नेऊन ओतते. या नळकांड्यांना इंग्रजीत पेलेट म्हणतात, त्यावरून पेलेट्रॉन.

ऑक्सिजनच्या अणूला वरच्या बाजूला एक जादा इलेक्ट्रॉन देतात. तो ऋणभारित झाला की मधले धन टोक त्याला खेचून घेते. तेथे कार्बनचा अत्यंत पातळ पडदा लावलेला असतो. त्यातून वेगाने जाताना त्याचे बरेच इलेक्ट्रॉन खरवडले जातात. समजा आता तो सहा धनभारांचा झाला. ज्या टोकाने त्याला ओढले तेच आता त्याला खाली ढकलते! येताना एका भाराची कमाई, जाताना सहा भारांची, एकूण सात. टोकाला ११० लाख व्होल्ट असतील तर ७ × ११ म्हणजे ७७ एमइव्ही. यातला थोडा भाग टकरीनंतर दोघे मिळून पुढे सरकतात त्यात जातो आणि टकरीसाठी सुमारे ७१ उरतात. वर आपण घेतलेला आकडा येथून आला होता.

अधिक ऊर्जा हवी असेल तर पेलेट्रॉनच्या पुढे एक रेषीय वेगवर्धक, लिनॅक, जोडलेला आहे. तो २००७ साली पूर्ण होऊन संशोधकांसाठी खुला झाला. त्यातल्या तांब्याच्या पोकळ्यांना आतून शिशाचा मुलामा दिलेला असतो आणि द्रवरूप हेलियमने त्या उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवतात. त्या तापमानाला शिसे अतिसंवाहक होते. म्हणजे त्यात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या वाहतात. गंमत पाहा, शिशातल्या इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या जोरावर चालणारे यंत्र, आणि त्यावर शोध घ्यायचा शिशात शिरणाऱ्या न्यूट्रॉन-जोड्यांचा!

टक्कर झाल्यावर बाहेर आलेला कण ऑक्सिजन-१८ आहे, १७ आहे की १६, हे कसे ओळखायचे? सिलिकॉनचे दोन शोधक एकामागे एक ठेवतात. पुढचा इतका पातळ की कण त्यातून आरपार जातो आणि जाताना थोडी ऊर्जा गमावतो. मागचा जाड, त्यात कण थांबतो. पातळ शोधकात गमावलेली ऊर्जा कणाच्या भारावर व वस्तुमानावर अवलंबून असते. दोन्ही नोंदी आलेखावर मांडल्या की ऑक्सिजन-१६, १७ व १८ यांचे वेगवेगळे पट्टे दिसतात. १८ च्या पट्ट्यात जो बिंदू पडला त्याची देवघेव झाली नाही. १७ च्या पट्ट्यात, एक न्यूट्रॉन गेला. १६ च्या पट्ट्यात, दोन गेले. दिवस-रात्र पाळ्या लावून हे बिंदू मोजत बसायचे. ज्याला मोजण्याचा कंटाळा आहे त्याने या शाखेत येऊ नये.

ऑक्सिजन-१८ आणि शिसे-२०६ यांचा हा प्रयोग मुंबईच्या यंत्रावर खरोखर झाला. त्याचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऊर्जा प्रतिसारणाच्या अडथळ्याच्या वर ठेवली होती. त्यामुळे अणुकेंद्रे अधिक जवळ आली आणि एक-दोन न्यूट्रॉनच नव्हेत तर प्रोटॉनांसह अनेक न्यूक्लिऑनांची देवघेव मोजता आली. नवी दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये दीड कोटी व्होल्टचा पेलेट्रॉन आहे आणि ‘हिरा’ नावाचे एक वर्णपटमापकासारखे यंत्र आहे. तेथे सिलिकॉन-२८ चा झोत झिर्कोनियमवर सोडून अडथळ्याच्या खालच्या ऊर्जांना अशीच मापने झाली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या संशोधकांसाठी ते केंद्र मुद्दाम उभारलेले आहे, हे शिक्षक वाचकांनी ध्यानात घ्यावे.

दोन ट्रक

आता त्याच विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न. पुढच्या आठवड्यात मी हजेरीपटाचे उदाहरण सांगितल्यावर ती म्हणाली, “पण सर, आमच्या गावात नवरा आधीच्या ट्रकनं जातो, बायको लेकरांना घेऊन मागच्यानं येते, असंही होतं. मग ती जोडी म्हणायची की नाही?”

या वेळी माझ्याजवळ उत्तर होते, आणि ते पुष्कळांना चकित करते. मनात आपण असे चित्र काढतो की दोन न्यूट्रॉन गाठोड्यासारखे एकत्र उडी मारतात. सविस्तर गणित केले तर दिसते की जड आयनांच्या टकरींत मुख्य वाटा एकामागून एक जाण्याचाच असतो. एकदम उडी मारण्याचा वाटा असतो, पण गणितातली दुसरी एक दुरुस्ती त्याला बरीचशी खोडून टाकते. मग वाढ कोठून येते? जोडीचा पसारा दोन्ही अणुकेंद्रांना पुरेल एवढा मोठा आहे, हे आपण पाहिलेच. पहिला पलीकडे गेला तरी दुसऱ्याशी त्याचा ताळमेळ तुटत नाही. दोन ट्रक, पण कोयता एकच, आणि कारखानाही एकच.

हे नुसते गणित नाही. इटलीत पदुआजवळ लेन्यारो येथे ‘प्रिझ्मा’ नावाचा मोठा चुंबकी वर्णपटमापक आहे. तेथे कथील-११६ आणि निकेल-६० यांच्या टकरी घडवल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात टकरीची ऊर्जा अडथळ्याच्या बरीच खाली नेली होती. म्हणजे दोघे एकमेकांपासून चांगले लांब, आणि न्यूट्रॉनांना फक्त बोगद्याची वाट. कथील आणि निकेल, दोन्हींमध्ये न्यूट्रॉनांच्या जोड्या आहेत. एकट्या न्यूट्रॉनला जाण्यात १.७ एमइव्हीचा तोटा, दोघांना १.३ चा नफा. शिशासारखाच हिशेब. संशोधकांनी प्रत्येक अंतरासाठी एका व दोन न्यूट्रॉनांच्या संभाव्यता मोजल्या. जोड्यांचा ताळमेळ धरून केलेल्या गणिताशी दोन न्यूट्रॉनांचे आकडे जुळले. आलेखाचा उतार जुळला आणि खुद्द संभाव्यताही जुळल्या. वरून एखादा गुणक लावून ओढूनताणून बसवण्याची गरज पडली नाही. जड अणुकेंद्रांच्या बाबतीत असे प्रथमच घडले. मला स्वतःला गुणक किती मोठा आला यापेक्षा हा मेळ महत्त्वाचा वाटतो. हजेरीपटावर पाच दिवस दिसणे वेगळे, आणि सायकल कोठून निघते, कधी पंक्चर होते हे धरून पाचच दिवस येतील असे आधी सांगता येणे वेगळे.

सगळीकडे अशीच स्थिती आहे असे मात्र नाही. हेलियम-६ घ्या. हेलियम-४ भोवती दोन न्यूट्रॉन सैलपणे राहतात आणि सेकंदाच्या आत, सरासरी आठ दशांश सेकंदाने, निम्मी अणुकेंद्रे नष्ट होतात. यातला एक न्यूट्रॉन काढला तर उरलेला हेलियम-५ टिकतच नाही, लगेच फुटतो. म्हणजे येथे अर्धा कोयता ही चीजच नाही. फ्रान्समधील गानिल येथे या अल्पायुषी अणुकेंद्राचा झोत तांबे-६५ वर सोडण्यात आला. त्या प्रयोगात मुंबईच्या भाभा केंद्रातील व टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ आघाडीवर होते. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका न्यूट्रॉनपेक्षा दोन न्यूट्रॉन जाण्याचे प्रमाणच कितीतरी अधिक निघाले. येथे दोघे खरोखरच एकमेकांच्या जवळ असण्याचा कल दिसला.

आतापर्यंत आपण न्यूट्रॉन-न्यूट्रॉन जोडीच पाहिली. प्रोटॉन-न्यूट्रॉन जोडीचे काय? गमतीची गोष्ट अशी की मोकळ्या अवकाशात टिकणारी जोडी तीच. तिला ड्यूटेरॉन म्हणतात आणि ती २.२ एमइव्हीने बांधलेली असते. तरीही कथील, शिसे यांसारख्या जड अणुकेंद्रांत तिचा ठळक पत्ता लागत नाही. कारण तेथे न्यूट्रॉन प्रोटॉनांपेक्षा बरेच जास्त असतात. दोघांच्या वरच्या कक्षा वेगळ्या पडतात आणि एकमेकांची गाठ सहजी पडत नाही. दोघांची संख्या सारखी असेल अशा जड अणुकेंद्रांत ती शोधायला हवी. पण कॅल्शियम-४० च्या पुढे असे एकही अणुकेंद्र स्थिर नाही. ती यंत्रात तयार करायची, नष्ट होण्याआधी त्यांचा झोत करायचा, आणि मग प्रोटॉन व न्यूट्रॉन किती वेळा मिळून गेले ते मोजायचे. या झोतांत कण फार थोडे असतात, त्यामुळे आलेखावर एकेक बिंदू पडायला वाट पाहावी लागते. या जोडीबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही.